वेअरबाईंची शिकवणी

पोस्टमन सोडला तर त्यांचं खरं नाव कुणाच्या ध्यानातच नव्हतं. सगळ्या गल्लीत त्या वेअरबाई. शिंप्याच्या दुकानावरच्या माडीत त्यांची इंग्रजी बोलण्याची शिकवणी चालायची आणि आवाज असा खणखणीत, की खाली कापड बेतणाऱ्या शिंप्यालाही पाठ झालं होतं: वुई वेअर, यू वेअर, दे वेअर. बाई टेबलावर पट्टी आपटून विचारायच्या, "वुई म्हणजे किती? अनेक! अनेकांना वॉज लावाल तर याद राखा!"

शिकायला येणारे सगळे पोटासाठी येत. परदेशी दवाखान्यात नोकरी मिळवायला निघालेल्या नर्सा, हॉटेलातले वेटर आणि एक टॅक्सीवाले काका. काकांची गाडी नेमकी एकाच वळणावर अडायची.

"माय फादर आर ड्रायव्हर."

"काका, फादर एकच ना? मग इज म्हणा."

"वडिलांना इज कसं म्हणू, बाई? अरेतुरे केल्यासारखं वाटतं."

वर्ग खो खो हसायचा. बाई आधी पट्टी आपटायच्या आणि मग स्वतःच हसत सुटायच्या, अगदी डोळे पुसेपर्यंत. "वडिलांचा मान आपण दुसरीकडे राखू, काका. इथे इजच." त्यांच्या पट्टीला कुणी घाबरत नसे ते या हसण्यामुळे.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण आजारपणात गेली आणि मेहुण्यांनी दुसरा संसार मांडला, तेव्हा शाळकरी भाचीला त्या आपल्याकडे घेऊन आल्या. तिला त्या बारकी म्हणत. तळहाताच्या फोडासारखं जपलं. घरात इंग्रजीच बोलायचं हा एक जाच सोडला, तर बारकीला कशाची ददात पडू दिली नाही. पुढे ती कॉल सेंटरला लागली आणि दिवसभर परदेशातल्या लोकांच्या तक्रारी ऐकू लागली.

एका संध्याकाळी ती चप्पल काढता काढताच म्हणाली, "मावशी, आज एका आजीबाईंचं वॉशिंग मशीन बंद पडलं होतं. मला म्हणाल्या, वुई वॉज वेटिंग ऑल मॉर्निंग. वुई वॉज! शेजारच्यांचं सांगताना दे वॉज. जन्मापासून इंग्रजी बोलणारी बाई गं!"

"शाळेत गेली नसेल."

"गेली असेल की. त्यांच्या गावात सगळे तसंच बोलतात. ती चूक नाही, बोलायची रीत आहे."

"असेल. आजीबाईंना ती शोभते," बाई भाजी चिरत म्हणाल्या. "पण आमची नर्स तिथे जाऊन वुई वॉज म्हणाली, तर तिला कुणी म्हणेल का, वा, काय रीत आहे? अडाणी म्हणून मोकळे होतील."

 त्यानंतर थोड्याच दिवसांनी बारकी म्हणाली, "मावशी, तुझी शिकवणी मला फोनवर टिपून ठेवायचीय. आठवण म्हणून."

बाई सुखावल्या. कडक इस्त्रीचे कपडे घातले, केस नीट बांधले. बारकी मागच्या बाकावर फोन टेकवून बसायची आणि बाई शिकवता शिकवता मध्येच विचारायच्या, "आवाज येतोय ना गं?"

मग हळूहळू बाक रिकामे पडू लागले. वेटर यायचे थांबले. दोन नर्सा बाईंकडे बघून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. बाईंना काही उमगेना. शेवटी एका सकाळी जिना उतरताना शिंप्याने त्यांना हाक मारली. हातातली कात्री खाली ठेवली आणि फोन पुढे केला.

"बाई, हे तुम्ही पाहिलंय का?"

फोनमध्ये बाईच होत्या. पट्टी आपटत होत्या, पुन्हा आपटत होत्या, मागे ढोलकं वाजत होतं. आवाज असा पळवला होता, की चिडलेली कोंबडी वाटावी. वुई म्हणजे किती, वुई म्हणजे किती, याद राखा, याद राखा. मग खाली मान घातलेले काका आणि त्यांच्यावर डोळे वटारणाऱ्या बाई. त्यानंतरचं त्यांचं हसणं मात्र कापून टाकलेलं. आणि मग रंगीत भिंतीपुढे नवा कोट घालून उभी असलेली बारकी, "अजून अशा शिकवणीला जाताय? वुई वॉज म्हटलं म्हणून आभाळ कोसळत नाही! या, न घाबरता बोला." खाली पत्ता होता. दोन गल्ल्या सोडून, थेटरासमोर.

"परत लावा," बाई म्हणाल्या.

शिंप्याने परत लावलं. मग तो खालमानेने पुटपुटला, "त्या वर्गाचे पडदे मीच शिवले, बाई. बारकीने माप दिलं. मला वाटलं, तुमचीच नवी शाखा."

संध्याकाळी बारकी आली तेव्हा बाई खुर्चीत बसून होत्या.

"आलात? बसा."

बारकी दारातच थबकली. "मावशी, असं काय बोलतेस?"

"नव्या वर्गाच्या मालकीणबाई तुम्ही. तुम्हाला अरेतुरे कसं करायचं?"

"मी सांगणार होते."

"पडदे लावून झाल्यावर?"

"अगं, ती जाहिरात आहे. हसू येतं म्हणून लोक बघतात. एवढं काय मनाला लावून घेतेस?"

"माझं हसणं का कापलंस?"

 बारकी खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि पाठमोरीच म्हणाली, "इथे राहायला आले त्याच आठवड्यात मी तुला म्हटलं होतं, वुई वॉज हॅपी. मी आणि आई. तू म्हणालीस, वेअर."

बाईंना हे आठवत नव्हतं. पण आपण तसं म्हणालोच नसू, असं छातीठोकपणे सांगताही येईना.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"कशी बोलणार? तुझ्या घरात राहत होते."

व्हिडिओने झालं नव्हतं ते या शब्दाने झालं. तुझ्या घरात. इतकी वर्षं बाई ज्याला 'आमचं घर' म्हणत आल्या, तिथे दुसरं माणूस पाहुणं म्हणून राहत होतं.

"म्हणजे सूड उगवलास," त्या कशाबशा म्हणाल्या.

"सूड नाही गं," बारकी वळली. तिचे डोळे भरले होते, पण ती खरं तेच बोलत होती. "वर्ग चालायला हवा ना."

सूड असता तर बाईंनी तो पदरात घेतला असता. हे त्याहून हलकं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

आठवडा संपायच्या आत बारकी सामान घेऊन थेटरासमोर राहायला गेली. पाठोपाठ टॅक्सीवाले काकाही गेले. एकदा रस्त्यात समोरासमोर आले तेव्हा ओशाळून म्हणाले, "तिथे फादर आर चालतं, बाई." बाईंना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

राहिल्या त्या नर्सा. त्यांना लेखी परीक्षा होती आणि तिथे वॉजवाल्या आजीबाई मदतीला येणार नव्हत्या. शिकवणी चालू राहिली, पण बाईंनी पट्टी कपाटात टाकली. हातात घेतली की आपण कुणाला तरी दिसतोय असं वाटायचं. मागच्या बाकावर कुणी फोन काढला, की त्या बोलता बोलता थांबत.

एकदा शिकवताना त्या अचानक म्हणाल्या, "तिकडे घरात, बाजारात, लोक वुई वॉज, दे वॉज म्हणतात. दचकू नका आणि कुणाला सुधारायला जाऊ नका. तुम्ही मात्र वेअर म्हणा."

"हे कुठल्या पुस्तकात आहे, बाई?" एकीने विचारलं.

"पुस्तकात नाही. आमच्याकडे एक मुलगी होती, तिने सांगितलं."

बारकी आली ती पुढे बऱ्याच महिन्यांनी. व्हिडिओ काढून टाकला म्हणाली. पण तोवर तो ज्याच्या त्याच्या फोनवर गेला होता. जिन्याखालून जाताना पोरं अजून 'याद राखा' ओरडायची. बाईंनी चहा केला. दोघी शिंप्याच्या गुडघ्याबद्दल, पाण्याच्या वेळेबद्दल बोलल्या. बारकीने कप विसळून पालथा घातला.

"येते मावशी," ती दारातून म्हणाली.

बाई 'ये' म्हणाल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.