दगडातला चुना

आमच्या बुटोन बेटावर डोंगरातून निघणाऱ्या काळ्या दगडालाच आस्पाल म्हणतात. माझा नवरा ला मुरी रोज सकाळी ‘आस्पाल खणायला चाललो’ म्हणूनच घर सोडतो. आणि जहाजातून उतरून टँकरने येतं त्या पातळ डांबरालाही आस्पालच. एका घरात एकाच नावाची दोन माणसं असली की जो घोळ व्हायचा, तोच झाला. आणि सगळं खापर फुटलं बिचाऱ्या वा सिदाच्या डोक्यावर!

बिचारी म्हटलेलं तिला खपायचं नाही म्हणा. मकासरला शिकून आलेली, तोंडाने फटकळ. खडी-डांबर कालवायच्या कारखान्यात ती मिश्रण तपासायची. फाटकाबाहेर माझी टपरी. तिथे कसाव्याच्या कंदाची वाफवलेली कासुआमी आणि माशाचं कालवण जेवता जेवता तिची आणि मुख्य इंजिनियर पाक हेरमावान यांची जुंपायची. आमच्याकडे मानाने बोलताना पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बू.

“पाक, किलोभर दगड टाकला म्हणजे किलोभर डांबर पडलं असं नाही. त्यात पाचातला एक भाग डांबर, बाकी सगळी चुनखडी. तुम्ही दगडाच्या वजनाइतकं टँकरचं डांबर कमी केलंत. खडी कोरडी राहणार!”

“आस्पाल म्हणजे आस्पाल, बू. उगाच कीस पाडू नका.”

“नारळ घेतलात की करवंटीही चावता का? आणि दगडातच चुना आहे, तेव्हा वरून टाकता ती बारीक भुकटी कमी करा, ती दुप्पट पडतेय.”

मी फिसकन हसले. पाक काही हसले नाहीत. मिश्रण होतं तसंच गेलं.

बाजाराच्या चढावर रस्ता झाला आणि बघता बघता खडी सुटली. मोटरसायकली घसरायला लागल्या. केंदारीहून मोठे साहेब पाहायला आले, तर हेरमावान त्यांच्यासमोर काय म्हणाले असतील? “या बेटाचा दगडच असला. नावातच आहे ना, आस्ली तापी पाल्सु!” म्हणजे असली पण नकली; त्यातलं ‘आस्’ आणि ‘पाल’ जोडून आस्पाल. हा शिळा विनोद, आणि सगळे खिदळले. “हा दगड बंदच करा, साहेब.” खाण बंद म्हणजे आमच्या गावच्या चुली बंद. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वा सिदा पुढे झाली. दगडातलं डांबर धुऊन काढल्यावर उरलेली भुरकट पूड तिने साहेबांच्या हातावर ओतली. “दगडात चुना असतोच, साहेब. रस्त्याला चुना लावला कुणी, ते विचारा!”

साहेबांना कळलं. चांगलं कळलं. म्हणून तर ते तिला माझ्या टपरीमागे घेऊन आले. मी भांडी घासत होते, त्यांच्या लेखी मी कुणीच नव्हते.

“इंजिनियर चुकला म्हटलं की चौकशी लागेल. ती संपेपर्यंत खाण बंद. तुमच्याकडून वजन चुकलं म्हटलंत, तर रस्ता लगेच नव्याने होईल. याच दगडाने, तुमच्याच हिशेबाने.”

“आणि मी?”

“तुम्हाला ठेवता येणार नाही.”

कालवणाचं पातेलं त्या माणसाच्या डोक्यावर उपडं करावंसं वाटलं. वा सिदा माझ्याकडे वळली. “इना,” ती मला आईच म्हणायची, “कुणाला बोलायचं नाही. शपथ आहे.” मग चढावर जाऊन तिने सगळ्यांसमोर सांगितलं, “वजन मी चुकवलं.”

आता तो रस्ता बघा, खडा हलत नाही! फीत कापली हेरमावानने, भाषणही ठोकलं. आणि एवढी शिकलेली पोर बाऊबाऊ बंदराच्या धक्क्यावर तळलेली केळी विकतेय. आग लागो असल्या न्यायाला!

काल ला मुरी जेवता जेवता म्हणतो, “एका बाईच्या चुकीपायी आमची खाण बुडाली असती.”

शपथ गेली खड्ड्यात. मी त्याच्या पुढचं ताट ओढून घेतलं.

“मेल्या,” म्हटलं, “तिचंच खातोयस!”