लोड किती?

मागच्या शनिवारी मोटरहोममध्ये राहायची हौस फिटली. उदयच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, एका मित्राने जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं चाकांवरचं घर करून घेतलंय. ते एका रात्रीसाठी मागून आणलं आणि डिचोलीहून थेट केरी गाठलं... समुद्राजवळ, माडांच्या बागेतली कॅम्पसाइट.

खरं तर हा सगळा घाट आईंसाठी होता. आई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे गेल्यापासून वर्षभर त्या एकही रात्र घराबाहेर राहिलेल्या नाहीत आणि बोलणंही कामापुरतंच. आम्ही खूप मागे लागलो तेव्हा कुठे तयार झाल्या, तेही अट घालून. "माका गमला नाय तर लगेच घरी न्हेवन सोडूचा!"

त्यामुळे माझ्यासाठी ही एक रात्र म्हणजे परीक्षाच होती. आता बिनसलं तर आई पुन्हा कधी उंबरठा ओलांडणार नाहीत, याची मला खात्री होती.

त्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून मी अख्खं स्वयंपाकघर उचललं. मिक्सर, इंडक्शन, चहाची इलेक्ट्रिक किटली, इस्त्री... इस्त्री कशाला, ते मला अजून कळलेलं नाही. सई, आमची कॉलेजातली लेक, म्हणाली की आता फक्त वॉशिंग मशीन राहिलं.

तिथे प्रत्येक गाडीसाठी खांबावर एक निळा प्लग पॉइंट होता. केबल जोडायच्या आधी मॅनेजरने विचारलं, "लोड किती?"

उदयने वीसेक वर्षं खाणीवर खनिजाचा ट्रक चालवलाय. तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "दहा टन."

मॅनेजर आधी गाडीकडे आणि मग उदयकडे बघत राहिला... "वॉटमध्ये सांगा हो!" मग त्यानेच समजावलं. पॉइंट दहा अँपिअरचा आहे, घरासारखं सगळं एकदम लावू नका. आणि केबलचं भेंडोळं पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली केबल तापते. आम्ही शहाण्यासारख्या माना डोलावल्या. उदयने केबल नीट पसरली, आणि बाकीचं सगळं आम्ही विसरून गेलो.

संध्याकाळी एसी चालू असताना मी इंडक्शनवर भात ठेवला. थोड्याच वेळात टक्... सगळं बंद. दाराजवळच्या बॉक्समधलं बटण खाली पडलं होतं. उदयने एसी बंद केला, बटण वर केलं आणि भात झाला. मी मनात म्हटलं, चला, एवढंच होतं तर.

मग सुंगटांचं हुमण, म्हणजे खोबरं वाटून केलेली कोळंबीची आमटी, करायचं ठरलं. खोबरं मीच वाटते म्हणून आई पुढे झाल्या. मला इतकं बरं वाटलं की त्या आनंदात मी सगळ्यांसाठी चहाची किटली लावली. तेवढ्यात सईने उकडतंय म्हणून एसी पुन्हा सुरू केला. आईंनी मिक्सरचं बटण फिरवलं मात्र...

टक्.

अंधारात आईंचा हात मिक्सरवर तसाच राहिला. "ह्या माझ्या हातान मोडला," त्या हळूच म्हणाल्या. मग पदर खोचून दाराकडे निघाल्या. "उदय, माका घरी न्हेवन सोड."

अर्धवट वाटलेलं खोबरं भांड्यात, सोललेली सुंगटं ताटात, आणि आई चपला शोधतायत.

"आई, काय मोडूक नाय गो," उदय म्हणाला. "लोड जास्ती झालो, म्हणान बटण पडला."

सईने आजीला मिठी मारली. "आजी, लोड घेव नको गो!"

आई थबकल्या. "उदय म्हणता लोड जास्ती झालो, सई म्हणता लोड घेव नको... माणसान करूचा तरी काय?"

आणि एकदम हसायलाच लागल्या. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चपला तिथेच टाकून त्या पायरीवर बसल्या आणि उदयला म्हणाल्या, "तुझ्या बापाशीन ही गाडी काट्यावरसूनच परत धाडल्यान असती!"

सासरे खाणीच्या वजनकाट्यावर होते. जास्त भरलेला ट्रक दिसला की परत पाठवायचे, मग तो सख्ख्या मुलाचा का असेना. वर्षभरात त्यांच्याबद्दल आईंनी आपणहून काढलेला हा पहिला शब्द... तोही हसता हसता.

त्यानंतर काटा आईंच्या ताब्यात गेला. त्या बटणांच्या बॉक्सखाली खुर्ची टाकून बसल्या आणि आम्हाला एकेक करून सोडायला लागल्या. "एसी बंद! मिक्सर लाव!" खोबरं वाटून झालं की, "झाला? फुडची सोड!" ही आरोळी सासऱ्यांची, काट्यावर पुढची गाडी बोलावतानाची. मग किटली, मग एसी. इस्त्रीकडे बघून मात्र म्हणाल्या, "ही कित्याक हाडलंस गो?"

हुमण उशिरा झालं, पण झकास झालं. सकाळी पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, गरम पोई आणि चहा घेताना मी भीत भीत विचारलं, रात्री झोप लागली का? "लागली. फुडच्या खेपेक मिक्सर नको, पाटो-वरवंटो घेवया," आई म्हणाल्या. पुढच्या खेपेला... मी तेवढेच दोन शब्द धरून बसले. मॅनेजरला निघताना मनापासून थँक्यू म्हटलं, तर तो बिचारा लाईट गेल्याबद्दल सॉरी म्हणत राहिला!

काल घरी मी ऑफिसच्या कपड्यांना इस्त्री करत होते. स्वयंपाकघरातून आईंची खणखणीत हाक आली, "मिक्सर लावतंय गो, फुडची थांबव थंय!"

आमच्या घरात सगळं एकदम चालतं, काही थांबवायची गरज नसते. तरी मी इस्त्री बंद केली... आणि मिक्सरचा आवाज थांबेपर्यंत तशीच उभी राहिले.