मतमाउलीच्या वाटेवरची पडवी

आमच्या दौंडहून मतमाउलीची पायी यात्रा निघायला लागली, त्या पहिल्या वर्षी आम्ही दोघंच होतो. माझे सासरे, म्हणजे मामा, आणि मी.

सासरे रेल्वेत फिटर होते, रिटायर झालेले. नव्वद सालानंतर लवकरच सासूबाई गेल्या आणि त्यांनी बोलणंच टाकलं. जेवा म्हटलं की जेवायचे, चर्चमध्ये मिस्साला चला म्हटलं की यायचे. सप्टेंबर लागला आणि एका सकाळी चप्पल घालत म्हणाले, "माउलीला जाऊन येतो. चालत."

सासूबाई दर वर्षी सप्टेंबरच्या यात्रेला एसटीनं जायच्या. माझ्या नवऱ्याची ड्यूटी होती, आणि मामांना एकटं सोडवेना. मी पिशवी भरली. माझं माहेर शिरूर, म्हणून तीच वाट धरली. तिथून पुढं नगर रोड.

दिवसभर ते पुढं, मी मागं. न्हावऱ्याच्या अलीकडं पाऊस आला, तसे आम्ही एका धनगराच्या पडवीत शिरलो. घरातली म्हातारी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मामांच्या गळ्यातली जपमाळ पाहिली.

"कुठल्या देवाला निघालाय?"

"मतमाउलीला," मी म्हणाले. "येशूची आई."

"आई हाय, म्हंजी झालं." मग मामांकडं वळून तिनं सरळच विचारलं, "दादा, कोण गेलंय तुमचं?"

घरात हा विषय आम्ही काढतच नव्हतो.

"मालकीण," मामा म्हणाले.

"आन् रडला का न्हाई?"

तेव्हा ते रडले. म्हातारीचा हात थांबला नाही. मधूनच नुसतं "व्हय, व्हय" म्हणायची. मग ते बोलायला लागले. सासूबाई चर्चमध्ये गाण्याची ओळ सगळ्यांच्या आधीच कशी उचलायच्या, ते सांगताना हसलेसुद्धा.

पुढच्या वर्षी रेल्वे कॉलनीतली आणखी काही घरं आली, कारण मामाच दारोदार सांगत फिरले. मग शिरूरची माणसं जुळली, कारेगावच्या कंपन्यांतली पोरं सुट्टी टाकून यायला लागली. पहिला मुक्काम त्याच घरी. पडवी पुरेना, तेव्हा म्हातारीच्या मुलानं अंगणात ताडपत्री बांधली. मामा पोचेपर्यंत ती जेवायची नाही.

दोन हजारनंतर मामांचे गुडघे गेले. एका वर्षी यात्रा त्यांच्याशिवाय निघाली. आम्ही परतलो आणि आठवडाभरात दारात म्हातारी उभी! मुलाच्या मोटरसायकलवर मागं बसून आलेली, हातात शेंगोळ्यांचा डबा.

"एवढ्या लांब कशाला आलात?" मामा खाटेवरून म्हणाले.

"दर साली तुमीच यायचं व्हय?" म्हणत ती शेजारच्या खुर्चीवर टेकली.

दोघं दिवस मावळेपर्यंत बोलत होती. मुलगा निघायचं म्हणून दोनदा उठला. मी त्याला पुन्हा चहा ठेवला.