कान माझे, पाना त्यांचा

आमच्या घरात दोन फुंकण्या होत्या. एक चुलीची आणि एक इंजिनाची. इंजिनाच्या फुंकणीनं कुणी चूल फुंकलेली मला खपत नसे. तिला राख लागली की माझा कान काळा व्हायचा, आणि काळा कान घेऊन पाण्याला गेलं की विहिरीवरच्या बायकांना चार दिवसांचा विषय मिळायचा.

हे घाटनांदूरचं, निजामाच्या राज्यातलं सांगते आहे. माझे यजमान मिस्त्री. तरुणपणी हैदराबादेत हुन्नर शिकले, मग कापसाची सरकी काढायच्या एका जिनात आठ वर्षं इंजिनाच्या शेजारी उभे राहिले. त्या इंजिनानं त्यांना सगळं शिकवलं आणि बदल्यात कान घेतले. एकदम नाही, हळूहळू. आधी चिमण्या गेल्या, मग देवळातली घंटा गेली, मग मी. नवऱ्याला हाक मारायची आमची रीत ‘ऐकलंत का’ अशी. माझ्या वाट्याला नेमका हा नवरा यावा, याचं मला पुष्कळ वर्षं हसू येत असे.

जिन सोडून ते घरी फटफट्या दुरुस्त करू लागले. त्या काळी आमच्या भागात फटफट्या बोटांवर मोजण्याइतक्या. गावच्या देशमुखांची एक, सडकेची कामं घेणाऱ्या एका गुत्तेदाराची एक, परळीकडच्या डॉक्टरांची एक, अशा. यजमानांकडे हैदराबादेहून आणलेली लाकडी पेटी होती. तिच्यात प्लग काढायचा पाना, ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या बारक्या चाव्या, आणि फट मोजायची कागदासारखी पातळ पोलादी पाती. त्या पात्यांना ते मलासुद्धा हात लावू देत नसत. पण त्यांचं नाव झालं होतं ते पेटीमुळे नव्हे. मिस्त्री नुसतं ऐकून इंजिनाचं दुखणं सांगतो, अशी ख्याती होती. तेव्हा मिस्त्री बहिरा झाला आहे हे बाहेर कळलं असतं, तर आमच्या दारात कुणी फटफटी आणली नसती.

म्हणून आम्ही दोघांनी लबाडी केली. गिऱ्हाईक आलं की ते त्याच्यापुढे पानाचा डबा ठेवून ओट्यावर बसवत आणि फटफटी परसात नेऊन चालू करत. मी मागच्या दारानं येऊन फुंकणीचं एक टोक इंजिनाला, एक कानाला लावायची. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. मला स्वयंपाकघर कळायचं. वरच्या बाजूला मोहरी तडतडतेय, उजवीकडं डाळ भरडल्यासारखं होतंय, असं मी त्यांच्याकडे तोंड करून सांगायची. माझे ओठ ते नीट वाचत. मोहरी म्हणजे काय आणि डाळ म्हणजे काय, हे त्यांनी पेटीच्या झाकणाला आतून कोळशानं लिहून ठेवलं होतं. मग ते पुढं ओट्यावर जाऊन, मिशीवरून हात फिरवत, गिऱ्हाइकाला निदान सांगत. मी आतून ते ऐके आणि माझी मोहरी किती ऐटीत बाहेर गेली म्हणून मनात हसे. दोन वर्षं असं बिनबोभाट चाललं.

मग तो दसरा आला. सकाळीच देशमुखांची फटफटी बैलगाडीत घालून आमच्याकडे आली. दिव्याला झेंडूची माळ तशीच. आदल्या दिवशी खंडेनवमीला नांगर, कुऱ्हाडी, तलवारी यांच्याबरोबर तिचीही पूजा झाली होती आणि तेव्हापासून ती हूं का चूं करत नव्हती. देशमुख स्वतः आले होते, आणि बोटाला धरून सहा वर्षांची लेक, जरीच्या परकरात. तिला मोमिनाबादेला आजोळी न्यायचं होतं. देशमुख ओट्यावर बसायला तयार होईनात. घाई होती, ते सरळ परसातच येऊन उभे राहिले. परक्या पुरुषापुढे, त्यातून देशमुखांपुढे, घरच्या बाईनं यायची रीत नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दाराआड राहिले.

पहिलं दुखणं डोळ्यांना दिसणारं होतं, ते यजमानांनी चुटकीसरशी धरलं. प्लग काढून इंजिनावर टेकवला, लाथ मारली, ठिणगी नाही. मॅग्नेटोची डबी उघडली, तर आत हळदकुंकवाची दोन बोटं आणि तेलाची धार.

“आरं, हितं कुंकू कावून लावलं?” त्यांनी देशमुखांच्या गड्याला विचारलं.

गडी बिचारा सरळ माणूस. म्हणाला, “नांगराच्या फाळाला लावतो नव्हं? काम जिथं होतंय तिथं लावावं. हिचं काम हितंच होतंय, तुमीच मागं सांगितलं हुतं.”

देशमुखांनाही हसू आलं. यजमानांनी पेट्रोलच्या फडक्यानं सगळं पुसलं, पोलादी पातं घालून फट मोजली, आणि निळीशार ठिणगी पडली. गाडी चालू झाली. मग त्यांनी सवयीनं फुंकणी उचलली, क्षणभर दाराकडे पाहिलं, आणि स्वतःच्याच कानाला लावून गंभीरपणे मान हलवली.

मला दाराआडून ऐकू आलं. फुंकणीची गरजच नव्हती. खालून, अगदी तळातून, उखळात मुसळ पडावं तसा ठोका येत होता. असा आवाज त्या गाडीत कधी नव्हता. आणि धुराला वास होता भजी तळल्याचा. आधी वाटलं, शेजारी सणाची कढई चढली असेल. पण गाडी गुरगुरली की वास वाढायचा. यजमानांना तोही येत नव्हता, तपकीर ओढून ओढून त्यांच्या नाकाचंही काही खरं राहिलं नव्हतं.

तेवढ्यात देशमुखांनी लेकीला उचलून पुढे टाकीवर बसवलं.

मी दारातून उलथनं हलवलं. यजमानांचं लक्ष गाडीकडे. मी हाक मारली, “अवो, ऐकलंत का.” देशमुखांनी वळून पाहिलं, गड्यानं पाहिलं, बैलानंसुद्धा कान टवकारला. ज्यांना मारली त्यांनी नाही.

“मिस्त्री, बाई बलवायल्यात. तुमी कावून बघंनात?” देशमुख म्हणाले.

देशमुखांची मिशी अशी की खालचा ओठ दिसायचा नाही. यजमानांनी अंदाजानं उत्तर दिलं, “होय सरकार, ठीक हाय. खुशाल जावा.”

देशमुखांच्या कपाळाला आठी पडली. अजून थोडं सावरता आलं असतं. मी आत गेले असते, तर मिस्त्री कामाच्या नादात होता एवढंच म्हणून देशमुख निघून गेले असते. पण त्या पोरीनं दोन्ही हातांनी टाकी धरली होती आणि ती खुदुखुदु हसत होती. मी पदर डोक्यावर ओढला आणि बाहेर गेले. आधी पोरीला खाली उतरवलं. मग नवऱ्याच्या हातातली फुंकणी काढून घेतली, कान लावला, आणि त्यांच्यासमोर तोंड करून म्हणाले, “खाली मुसळ पडायलंय. आन् धुराला करडीच्या तेलाचा वास येतोय.”

त्यांनी गाडी बंद केली. तेलाचं बूच काढून बोट घातलं, बोट जिभेला लावलं, आणि गड्याकडे पाहिलं.

“सणाला काळं तेल कसं ठिवावं?” गडी म्हणाला. “काडलं अन् घाण्याचं ताजं घातलं. लई चांगलं तेल हाय, आमी खातो तेच.”

यजमानांनी हात पुसले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, “सरकार, माझे कान गेल्यात. दोन वर्सं झाली. तुमची गाडी आजवर हिनंच ऐकली. मी नुसता पाना फिरवतो.”

देशमुखांनी लेकीला जवळ ओढलं. मग माझ्याकडे न बघता, पण मलाच, त्यांनी विचारलं, “बाई, लेकीला घिऊन जाऊ का नको?”

“नको,” मी म्हणाले. ते लेकीला घेऊन बैलगाडीतून गेले.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं, तेव्हा तेवढ्याशा वेळातच तळाचं बेअरिंग करपायला लागलेलं निघालं. चार-पाच कोसांवर ते अडकून चाक जागीच थांबलं असतं, असं यजमान म्हणाले. तेवढंच म्हणाले. त्यांनी ते दुरुस्त केलं, गाडी परत गेली, आणि मग दारात कुणी येईना. पंधरा दिवस झाले, महिना झाला. पेटीला धूळ बसू नये म्हणून ते रोज ती पुसत आणि तशीच मिटत. मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागत होतं. पोरीला वाचवल्याचं समाधान होतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या माणसाची इज्जत मी माझ्या हातानं परसात मांडली, हेही होतंच.

एका दुपारी फटफटीचा आवाज आला. सडकेवाले गुत्तेदार. ओट्यापाशी उतरून ते बेंबीच्या देठापासून ओरडले, “मिस्त्री, ऐकायला कोन हाय?” म्हणजे बातमी सगळीकडे पोचली होती. मी सवयीनं मागच्या दाराकडे निघाले.

तर यजमान आत आले. त्यांनी माझा जेवायचा पाट उचलला, बाहेर अंगणात नेला, भर रस्त्यावरून दिसेल असा गाडीशेजारी मांडला आणि फडक्यानं पुसला. चार माणसं जमली होती. त्यांच्यादेखत मला हाक मारून बोलावलं, आणि गुत्तेदारांना म्हणाले, “ह्या आमच्या घरच्या मोठ्या मिस्त्री. आदी ह्या ऐकतील, मग मी खोलीन.”

नवऱ्यानं चारचौघांत बायकोला अहोजाहो केल्याचं मी तोवर ऐकलंही नव्हतं. मी पाटावर बसले आणि फुंकणी लावली, पण मला काही ऐकूच येईना. डोळे पुसून पुन्हा कान लावावा लागला.