कल्हईच्या दुकानातली बैठक

“माह्यासारखा कोणी हाये काय तिथी?” कोणत्याही सभेचं नाव काढलं की तो आधी हे विचारी, आणि विचारताना दोन्ही हात काखेत दाबून धरी. थंडी नसली तरी.

हात लपवणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वरोऱ्याला स्टेशनाजवळच्या लाकडाच्या टालीवर मी कारकून होतो आणि तो ओंडके चिरणारा, पोंभुर्ण्याकडचा. सागाचा ओंडका उंच घोडीवर चढवतात. एक जण वर उभा राहून काळ्या रेघेवर आरा धरतो, दुसरा खालून भुसा खात नुसता ओढतो. हा कित्येक वर्षं वरचा माणूस. मग मोहाच्या दारूनं हातांचा नेम गेला. एकदा आरा रेघ सोडून खालच्याच्या बोटांशी उतरला. ठेकेदारानं त्याला खाली पाठवलं आणि पुन्हा असं झालं तर टालीवर येऊ नको म्हणून बजावलं.

“रेघ दिसते बाबू,” तो मला म्हणाला, “पण हात तिथी जात नाई.”

दारू एकट्यानं सुटत नव्हती. सोडणारी माणसं कुठं जमत असतील तर तिथं घेऊन चल, एवढंच त्याचं मागणं.

मी तेव्हा बाविशीतला. पत्रकं वाचत वाढलेला, आता पत्रकं लिहिणारा. दारू हा गरिबाला कायम वाकवून ठेवण्याचा डाव आहे, असं मी लिहीत असे. आजही मला ते खरंच वाटतं. मी त्याला आमच्या दारूबंदीच्या सभेला नेलं. तो तीन दिवस प्यायला नव्हता, म्हणून मीच त्याला मंचावर उभं केलं आणि ‘या कष्टकऱ्यानं बाटली फोडली’ असं गरजलो. अध्यक्षांनी झेंडूचा हार घातला. टाळ्या पडल्या. हार घातलेला तो माणूस लोकांकडं न बघता माझ्याकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो लाल डोळ्यांनी. मी रागावलो, सगळ्यांसमोर आम्हाला तोंडघशी पाडलंस म्हणालो.

“हार घातल्यावर मले सांगाची सोयच नाई राह्यली,” तो म्हणाला, “का माहा पाय अजून घसरते म्हणून.”

मग मी त्याला भजनी मंडळात नेलं. तिथल्या बुवांनी गंगाजळ हातात देऊन शपथ घ्यायला सांगितलं. त्यानं विचारलं, शपथ मोडली तर पुन्हा येता येईल का? बुवा म्हणाले, मोडणाऱ्याला इथं जागा नाही. त्यानं गंगाजळ अलगद खाली ठेवलं, हात जोडले आणि बाहेर आला. मी मात्र अडखळलो. माझ्या सभेत आणि या मंडळात फरक तरी काय होता?

पुढचं माझ्यामुळं घडलं नाही. एक म्हातारा कल्हईवाला टालीवर कोळसा न्यायला येई. सगळे त्याला चाचा म्हणत. पोतं उचलून देताना याचे हात थरथरले. चाचानं हातांकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, “किती दिवस झाले?”

“चार.”

“माहे अकरा.”

तेवढंच. त्यानंतर दर रविवारी दुपारी तो चाचाच्या दुकानात जाऊ लागला. मी एकदा पाहायला गेलो. अध्यक्ष नाही, ठराव नाही, शपथ नाही. चाचा पातेल्यात नवसागर फिरवतोय, हा भाता ओढतोय. आठवडा कसा गेला ते दोन शब्दांत सांगायचं. मधेच तो “परवा घेतली” म्हणाला, तेव्हा चाचानं पातेलं उलटं करून बूड तपासलं आणि म्हटलं, “मंग आजपासून मोज.” मी टिपून घ्यायला खिशातून कागद काढला, तर तो ओशाळून म्हणाला, “बाबू, तुमी इथी नोका बसू. तुमी पीत नाई ना.”

मी वाटभर चरफडत आलो. जो कधी प्यायला नाही त्यानं बसायचं नाही, ही कुठली रीत? पण दोन महिन्यांनी ठेकेदारानं त्याला पुन्हा घोडीवर चढवलं. फळी रेघेला धरून उतरली, शेवटपर्यंत.

आणि चैत्रात, मोहाची फुलं गळायला लागल्यावर, एका सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. जोडीदार खाली एकटाच बसून होता. गावाकडं गेला म्हणे, कुणी म्हणे दारूच्या भट्टीवर दिसला. खरं काय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी मी चाचाकडं गेलो. त्यालाही काही कळलं नव्हतं. तो पुन्हा पिऊ लागला असेल का, असं मी विचारलं.

“असंल. नसंल बी,” चाचा म्हणाला. “दिवाळीत मी गेलो होतो भट्टीवर, आठ दिवस. परत आलो तर तो इथीच बसला होता. काऊन गेला होता, असं नाई विचारलं त्यानं.”

कल्हईची भांडी संपली होती. बाजार उठत होता, शेजारच्या दुकानाची फळी लागली. मी उठायचं की थांबायचं ते न कळून उंबऱ्यातच घुटमळलो. चाचानं निखाऱ्यांवर मूठभर कोळसा टाकला, भात्याचा दांडा धरला आणि रस्त्याकडं तोंड करून ओढू लागला.