काकांच्या बँडची धून

दिल्लीच्या द्वारकेत आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक काका-काकू राहतात. मूळचे साताऱ्याचे. काका फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, रिटायर होऊन दिल्लीतच राहिले. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून उजव्या हाताची बोटं उचलत नाहीत, म्हणून वाजवणं सुटलं.

एका रविवारी डबा परत द्यायला गेले तेव्हा काकूंनी विचारलं, "तू कंप्युटरवर संगीताचं काहीतरी करतेस ना?" नोकरी सांभाळून मी हौसेनं करते तेवढंच. काकूंनी इंग्रजी पद्धतीनं संगीत लिहायच्या पाच-पाच रेघांच्या कागदांची एक वही पुढे केली. काकांनी नोकरीत असताना अख्ख्या बँडसाठी रचलेली धून, पेन्सिलीनं लिहिलेली. तालीम व्हायच्या आधीच त्यांची बदली झाली आणि ती वहीतच राहिली.

"मी ती फक्त डोक्यात ऐकलीय," काका म्हणाले.

पंधरा दिवस खपून मी एकेक स्वर कंप्युटरवर चढवला, प्रत्येकाला खऱ्या वाद्याचा आवाज दिला आणि त्यांना ऐकवलं.

"बिल्कुल बरोबर. एक सूर चुकलेला नाही." काका म्हणाले. "पण ही माणसं श्वास कधी घेतात गं?"

मी हिरमुसले. पण त्यांचं खरंच होतं. मग दर शनिवारी आम्ही दोघं बसू लागलो. ते बोट ठेवून सांगत, "इथं दम घेतील. हा ट्रंपेटवाला नेहमी किंचित आधी घुसायचा. ढोलवाला जरा सुस्त." तसतसे मी स्वर केसभर मागंपुढं सरकवत गेले, कुठे आवाज खाली आणला.

चौथ्या शनिवारी पूर्ण धून लावली. काकू ओल्या हातांनीच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मध्येच काका म्हणाले, "थांबव."

मला वाटलं, त्यांना सहन होत नाहीये.

"ही जागा चुकलीय. लिहिताना कळलंच नव्हतं मला. पेन्सिल दे."

डाव्या हातानं त्यांनी दोन स्वर खोडून नवे लिहिले. एवढ्याशा कामाला दहा मिनिटं लागली. आम्ही कुणी मदतीला हात पुढे केला नाही.

आता त्यांची दुसरी धून लिहून झालीय. डाव्या हाताची वाकडीतिकडी चिन्हं वाचायला मला फार वेळ लागतो. काकू म्हणतात, "सावकाश कर. तोवर ते तिसरी सुरू करतील."