न धुतलेला निळा शर्ट

विल्माच्या खोलीत आलेला कपडा आधी टबात जायचा, मग बाकीचं बोलणं. बरबँकच्या त्या टीव्ही स्टुडिओत ती कपडेपट सांभाळायची आणि शेजारच्या खोलीत मी कलाकारांचे केस करायचे. सदुसष्ट साली लांब केसांची पोरं गिटारी घेऊन यायला लागली, तसं माझं काम आटलं आणि तिचं वाढलं. "यांच्या आया यांना पाणी दाखवत नाहीत का गं?" ती म्हणायची. पांढरे शर्ट तर ती चहाच्या पाण्यातून काढायची, नाहीतर कॅमेऱ्यात डोळ्यांवर यायचे.

त्या शरद ऋतूत गाण्यांचा एक मोठा रंगीत कार्यक्रम होता. गाणारे निळ्या भिंतीपुढं उभे राहायचे. कॅमेरा निळा रंग गिळायचा आणि त्याजागी दुसरं चित्र दाखवायचा. चित्र म्हणजे काचेच्या ताटलीत हलवलेलं तेल आणि रंगीत पाणी. मला ते मुळीच आवडायचं नाही, पण फॅशन होती. गाणं आधीच ध्वनिमुद्रित, पोरांनी नुसती तोंडं हलवायची.

केंटकीचा टोबी नावाचा एक गाणारा पोरगा आला तो निळा शर्ट घालून. विल्मानं हात पुढं केला. "काढ. धुऊन देते."

"नको बाई. डेलचा आहे, माझ्या भावाचा. आईनंही धुतलेला नाही. त्याचा वास आहे अजून."

डेल व्हिएतनामात होता. उन्हाळ्यापासून त्याचा पत्ता नव्हता. आईनं टोबीला बजावलं होतं, हा घालून टीव्हीवर ये, म्हणजे मला दोघं एकदम दिसतील.

विल्मानं शर्ट हुंगला. तंबाखू आणि ट्रॅक्टरचं तेल. तिनं नाक मुरडलं आणि हात मागं घेतला. मी थक्कच झाले.

तालमीत व्हायचं तेच झालं. टोबीचं डोकं आणि हात जागेवर, आणि छातीत जांभळं-हिरवं पाणी. शर्ट गायब. नुसता खिशावरचा लाल ठिगळाचा चौकोन तेवढा तरंगत होता.

दिग्दर्शक रेनर आधी चिडला. "शर्ट बदला, नाहीतर तपकिरी रंगवा." मग पुन्हा बघितलं आणि खूश झाला. "राहू द्या, झकास दिसतंय. फक्त ते ठिगळ काढा, घाण दिसतंय."

टोबीचा चेहरा उतरला. "रंगवूनच टाका बाई. निदान शर्ट तरी दिसेल आईला."

"आणि वास? तो चहात जाईल की रे गाढवा," विल्मा म्हणाली. "कपडा दिसायला हवा की त्यातला माणूस टिकायला हवा?"

टोबीनं ठिगळावर हात ठेवला. विल्मा रेनरकडं वळली. "ठिगळ काढलं तर शर्ट फाटेल. जुना आहे."

ते साफ खोटं होतं. मी तो शर्ट हातात धरला होता, चांगला दणकट होता. रेनर कपाळाला आठ्या घालून निघून गेला. विल्मानं सुई घेतली आणि त्या ठिगळाला आणखी चार टाके घातले.

कार्यक्रम लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला, केंटकीहून. विल्मानं रिसीव्हर माझ्याही कानाला लागेल असा धरला.

"तुम्हीच का कपड्यांच्या बाई?" पलीकडची बाई म्हणाली. "आमचा टीव्ही काळा-पांढरा. मला वाटलं, पोराच्या छातीला भोकच पडलं. जीव गेला माझा. मग ते ठिगळ दिसलं. माझ्या स्वयंपाकघराच्या पडद्याचं आहे ते. डेलनं शर्ट कुंपणाच्या तारेत फाडला होता, मी रागानं लाल ठिगळ लावलं."

मग तिचा आवाज खाली आला.

"एक विचारू? धुतलात का हो तो?"

"नाही," विल्मा म्हणाली. "टोबीनं तुमच्याकडं पाठवायला दिलाय, कागदात गुंडाळून ठेवलाय. आज टपालात टाकते."

पलीकडं ती बाई रडायला लागली. विल्मा तिचं रडणं संपेपर्यंत फोन धरून उभी राहिली.

पुढं ती निवृत्त होईपर्यंत मी तिच्या शेजारीच होते. तिच्या हातून न धुता गेलेला कपडा तो एकच.